दुसऱ्या मजल्यावरचा उजेड

आमच्या ऑफिसात कुणी नवीन माणूस आला की आधी छताकडे बघतो आणि विचारतो, "कारंट गेलाय का?" भर दुपार असते, चाळीस माणसं कामाला बसलेली असतात, आणि खिडकीकडच्या ओळीतला एकही दिवा लागलेला नसतो. मधली ओळ मंद, अगदी आतल्या भिंतीकडची तेवढी पुरती पेटलेली. तरीही माझ्या पुढ्यातल्या कागदावरचा बारीकसा अनुस्वार मला स्वच्छ दिसतो, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरत नाहीत. हे ज्यांच्यामुळे झालं त्या भीमसेनरावांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती सोडून लिहिलं तर खोटं होईल, म्हणून तीही लिहिते.

आमचं ऑफिस मद्रासला, वेलचेरीत आहे. तीन मजली इमारत, पुस्तकांची पानं जुळवून द्यायचं काम. देशभरातली पाठ्यपुस्तकं आमच्याकडे जुळतात. दुसऱ्या मजल्यावर मराठीच्या कोपऱ्यात आम्ही तिघी बसतो आणि प्रुफं वाचतो. माझं शिक्षण बार्शीला, मराठी शाळेत. लग्न होऊन मद्रासला आले, यजमान रेल्वेत. इथे माझ्या मराठीचा कुणाला काय उपयोग होणार, असं वाटायचं. पण देवानं पोटापाण्याची सोय त्या मराठीतच ठेवली होती.

भीमसेनरावांची ओळख झाली ती शिडीवर. माझ्या डोक्यावरची ट्यूब आठवडाभर फडफडत होती. एक उंच, सडसडीत माणूस शिडी लावून वर चढला. पिकलेल्या मिशा, खिशाला टेस्टर. मी आपली खाली वैतागून पुटपुटले, "हा मेला दिवा कधी नीट पेटायचा कोण जाणे."

वरून आवाज आला, "पेटेल, अम्मा. मेला नाही तो. चोक गेला आहे."

मी दचकलेच. इतकी वर्षं ऑफिसात आमच्या कोपऱ्याबाहेर तमिळ आणि इंग्रजीशिवाय काही ऐकलं नव्हतं.

"तुम्ही मराठी?"

"तंजावरचे आम्ही. तीनशें वर्षें झालीं येऊन." खाली उतरता उतरता त्यांनी विचारलं, "तुमचें गाव कोठें?"

त्यांची मराठी ऐकली की एखादी जुनी बखर कुणी तमिळ सुरात वाचतंय असं वाटायचं. 'सगळे' म्हणायचं तर ते 'अस्के' म्हणत. अस्के लोक आले, अस्के दिवे लावले. बोलायला मराठी, पण लिहायला तमिळ लिपी, कारण देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. ऑफिसात सगळे त्यांना 'राव सार' म्हणायचे. मी भीमसेनरावच म्हणत असे आणि ते त्यांना आवडायचं. म्हणायचे, "पूर्ण नावानें घरीं फक्त बायको, तुळजा, बोलावते, तेंही रागावली म्हणजे."

आयटीआय करून ते गुम्मिडिपूंडीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात लागले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले. त्या कारखान्याच्या छपरात मधेमधे पारदर्शक पत्रे बसवले होते, पण धुरानं आणि काजळीनं ते काळेठिक्कर पडलेले. मोठे दिवे दिवसभर जळत. एका वर्षी पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, साफसफाईत भीमसेनराव स्वतः दोर बांधून छपरावर चढले आणि ते पत्रे साबणानं घासून आले. सकाळी पाळीचे लोक आत आले तर सगळ्या शेडमध्ये उजेड. फोरमननं सवयीनं दिवे लावले, तर दिवे लागलेत की नाही हेच कळेना. "त्या दिवशीं मला उमगलें, अम्मा," ते सांगत. "आम्ही छप्पर घाण ठेवतों आणि दिवे जास्त लावतों." पुढे दरवर्षी ते काम त्यांनी कुणी न सांगता आपणहून केलं. कारखाना बंद पडल्यावर ते आमच्या इमारतीत देखभालीला आले, कंत्राटावर. राहायला तांबरमला. धाकटी मुलगी हरिणी तिथल्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

आमचा मजला तेव्हा कसा होता ते सांगते. उत्तरेला आणि दक्षिणेला लांबलचक खिडक्या, आणि सगळ्यांवर जाड पडदे कायमचे ओढलेले. कारण पडदा उघडला की कॉम्प्युटरवर ऊन यायचं आणि काही दिसायचं नाही. मग आत ऐंशी दिवे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. जेवायला सगळे खाली गेले तरी दिवे चालूच. ट्यूबा जाऊन एलईडी आले, विजेचं मीटर थोडं हळू फिरायला लागलं, पण पडदे तसेच.

भीमसेनराव डबा खाताना म्हणायचे, "सूर्य जें फुकट देतो तें आम्ही पडदा लावून परत धाडतों. मग कारंट जाळून तेंच मागतों. वर दिवा म्हणजे लहान शेगडीच. तिची उष्णता घालवायला आणखी एसी. कोठला न्याय हा?"

"मग ऊन आत घ्यायचं? मद्रासचं ऊन?" मी म्हणायची.

"ऊन कोण घ्या म्हणतो? ऊन बाहेर, उजेड आत. दोन्ही वेगळीं आहेत ना?"

हे बोलणं त्यांनी आमच्या ऑफिसच्या प्रमुख संयुक्ता मॅडमपुढे इतक्या वेळा केलं की एकदा त्या हात जोडून म्हणाल्या, "राव सार, एक मजला तुम्हाला दिला. पण आता पुरे!"

मिळाला तो आमचा दुसरा मजला. मुख्य कार्यालयाची अट मात्र साधी नव्हती. पहिल्या मजल्यावर तेवढेच दिवे, तेवढीच माणसं. तो आहे तसा ठेवायचा. दोन्ही मजल्यांच्या दिव्यांना वेगळं मीटर, एसीला वेगळं. सहा महिन्यांनी, जानेवारीच्या अखेरीस बघायचं. दुसऱ्या मजल्याची वीज पहिल्यापेक्षा निदान एक तृतीयांशानं कमी भरली तर बाकीचे मजलेही तसे करायचे आणि भीमसेनरावांचं कंत्राट पुढे चालू. नाहीतर बसवलेलं सगळं उतरवायचं आणि देखभाल एका एजन्सीकडे द्यायची. त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती. एजन्सी त्यांना ठेवणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

जुलैत काम सुरू झालं. आधी छत पांढरंशुभ्र रंगवलं. मग टेबलं फिरवली, म्हणजे खिडकी कुणाच्या समोर नाही आणि पाठीमागे नाही, बाजूला आली. यावरून केवढी कुरकुर! सात वर्षं एका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला तीच भिंत प्रिय होते. खिडकीच्या वरच्या भागात, डोक्यापेक्षा उंच, एक आडवी पांढरी फळी बसवली, अर्धी बाहेर, अर्धी आत. ऊन त्या फळीवर पडायचं, तिथून उडून छतावर जायचं, आणि छतावरून मऊ होऊन आमच्या टेबलांवर उतरायचं. पडदे फक्त फळीच्या खाली.

शेवटी छतात सहा छोटे सेन्सर लागले, पांढऱ्या बटणाएवढे, मध्ये काचेचा ठिपका. खाली किती उजेड आहे ते बघून ते दिव्यांना सांगत, आणि दिवे त्याप्रमाणे हळूहळू कमी-जास्त होत, इतके हळू की कुणाला कळू नये. ढग आला की दिवे वाढत, ढग गेला की उतरत. भीमसेनराव त्यांना 'डोळे' म्हणत. "हे आमचे सहा डोळे, अम्मा. हे बघतील, तुम्ही वाचा."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. भीमसेनराव रोज सकाळी नऊला जिन्यातलं मीटर बघून वहीत तमिळमध्ये आकडा लिहीत आणि शेजारी एक शब्द, ऊन किंवा ढग. पहिला मजला रोज अठरा युनिटं. आमचा मजला दहा. कधी साडेनऊ. ते आकडे मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज असा व्हायचा, जसं कुणी मुलीचे मार्क सांगतंय.

मग नवरात्र आलं.

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजतात, तेच इथे आयुधपूजा. फक्त इथे फार थाटात. बस, रिक्षा, शिलाई मशीन, बँकेतलं काउंटर, काही सुटत नाही. आमच्या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरला, स्कॅनरला, स्विचबोर्डाला, लिफ्टच्या दारालाही चंदन आणि कुंकू लावतात. आणि एकदा लावलेलं गंध कुणी पुसत नाही. ते आपणहून सुकून गळून पडेल तेव्हा पडेल. आमच्या स्विचबोर्डांवर पोंगलपर्यंत गंधाची बोटं दिसतात.

त्या वर्षी दुसऱ्या मजल्याचं तबक माझ्या हातात होतं. चंदन मी घरून उगाळून नेलं होतं, दाट. सगळी यंत्रं झाली. वर बघितलं तर छतातले ते सहा डोळे. मला वाटलं, उजेड देणारे खरे हेच, नवीन आलेत, आणि यांनाच काही नाही? आमच्याकडे साफसफाई बघणारी कनका आहे, तिला म्हटलं, "जरा शिडी धर गं." ती हसायला लागली. "अक्का, वर चढून पूजा? पडाल!" पण धरली तिनं. मी साडीचा पदर खोचून सहाही ठिकाणी चढले आणि बरोबर मधोमध, जसं देवाच्या कपाळावर टेकवतात तसं, गंध टेकवलं. त्यावर कुंकू. मनात म्हटलं, देवा, या माणसाच्या कष्टाला यश दे. भीमसेनराव त्या वेळी खाली जनरेटरची पूजा करत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा, मग सुट्टीचा रविवार, आणि सोमवारी पावसाला तोंड लागलं. मद्रासचा पाऊस ऑक्टोबरमध्येच येतो. आकाश काळं, आत सगळे दिवे पूर्ण पेटलेले. मीटर अठरावर. भीमसेनराव म्हणाले, "ढग आहेत. दिवे लागणारच. सेन्सर बरोबर करतो आहे." नोव्हेंबरमध्ये वेलचेरीत रस्त्यावर गुडघाभर पाणी झालं, चार दिवस ऑफिस बंद. डिसेंबरमध्ये वादळ. मीटर अठरा, अठरा, अठरा. वहीत रोज ढग, ढग, ढग. मधूनच एखादा दिवस ऊन पडायचं, पण एका दिवसाचं कोण मनावर घेतो?

डिसेंबरच्या शेवटी मात्र आकाश धुतल्यासारखं निघालं. छतावर ऊन उडतंय, पानं उजळलीत, आणि ऐंशीच्या ऐंशी दिवे ढणढण चालू. तेव्हा भीमसेनराव घाबरले.

त्यांनी काय काय केलं ते मी रोज बघत होते. तारा तपासल्या. दिवे काढून पाहिले. जिन्यात एक नियंत्रणाची पेटी होती, तीत सेन्सरांच्या सगळ्या तारा जायच्या. तिच्यावर त्यांचा संशय. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. "एक डोळा बिघडेल, दोन बिघडतील. अस्के सहा एकाच दिवशीं कसे बिघडतील? म्हणजे दोष पेटींतच." पेटी बदलून घेतली. कंपनीचा तंत्रज्ञ लॅपटॉप जोडून म्हणाला, "सेन्सर तर सांगतायत की खोलीत अंधार आहे." आणि खांदे उडवून गेला.

पहिल्या मजल्यावरचे लोक चिडवायला लागले. "राव सार, तुमच्या मजल्यावर सूर्य येत नाही वाटतं? आमच्याकडे पाठवू का?" भीमसेनराव हसून घ्यायचे, पण डबा अर्धा ठेवून उठायचे. आढावा जानेवारीच्या सत्तावीस तारखेला होता. एकवीस तारखेला ते माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "अम्मा, एजन्सीचे लोक काल फळ्या मोजून गेले. उतरवायला किती दिवस लागतील तें विचारत होते." एवढंच.

बावीस तारखेला सकाळी मी नेहमीप्रमाणे पूजेला बसले. आमच्या घरी देवीचा पितळी मुखवटा आहे, चांदीच्या डोळ्यांचा, माहेरून आलेला. रोज आदल्या दिवशीचं वाळलेलं गंध ओल्या बोटानं भिजवून काढायचं आणि मग ताजं लावायचं. आदल्या दिवशी घाईत माझा हात हलला होता आणि गंध कपाळावरून डाव्या डोळ्यावर ओघळून तिथेच वाळलं होतं. चांदी दिसतच नव्हती. मी बोट पाण्यात बुडवलं, डोळ्यावर फिरवलं, गंध सुटलं आणि डोळा चमकला.

माझा हात तिथेच थांबला.

सहा डोळे. बरोबर मधोमध. दाट चंदन.

पूजा कशीबशी उरकली. वाटेत बसमध्ये नुसतं नाव घेत होते, पण मन नावात नव्हतं. ज्या माणसाच्या यशासाठी मी गंध लावलं होतं, त्याच गंधानं मी त्याची नोकरी घालवत होते. एक विचार असाही आला, खोटं कशाला सांगू, की कुणालाच न सांगता कनकाला घेऊन हळूच पुसून टाकावं. तो विचार वेलचेरीच्या थांब्यापर्यंत टिकला. पुढे नाही.

भीमसेनराव जिन्यात मीटरपाशी होते.

"भीमसेनराव, ते डोळे मी झाकले."

"काय अम्मा?"

"सेन्सर. आयुधपूजेला मी शिडीवर चढून त्यांना गंध लावलं. चंदन. त्या दिवसापासूनच बिघडलंय. वही बघा तुमची."

त्यांनी वही बघितली नाही. जिन्याच्या पायरीवर बसले.

"कोठें लावलांत? कडेला कीं मध्यें?"

"मध्ये. देवाला लावतात तसं."

"अय्यो रामा!" त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं आता रागावणार. रागावले असते तरी चाललं असतं. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "महिनाभर मी त्या पेटीला शिव्या घातल्या! ती बिचारी नवी कोरी! लोक देवाचे डोळे उघडायला पूजा करतात, अम्मा. तुम्ही पूजा करून मिटवलेत!"

"हसू नका हो. माझा जीव चाललाय."

मग ते गंभीर झाले. "तुमास एक सांगतों. मी वर चढलों होतों डिसेंबरांत. गंध मला दिसलें. पण पूजेचें गंध. हात लावला नाही. त्यानें कांही बिघडेल हें मनांतच आलें नाही. जनरेटरलाही मीच लावलें होतें. तो चालतोच कीं!"

कनकानं शिडी आणली, मी वाटीत पाणी आणि कापूस. वर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि पहिल्या सेन्सरला हात जोडले. म्हणाले, "पूजेचें आहे. विचारून काढावें." मग ओल्या कापसानं पुसलं. पिवळट चकती सुटून कापसावर आली. एकामागून एक सहाही झाले. आम्ही तिघंही छताकडे बघत उभे. काही होईना. अर्धा मिनिट, एक मिनिट. मग खिडकीकडची ओळ मंद होऊ लागली, आणखी मंद, आणि विझली. मधली ओळ अर्ध्यावर आली.

जिन्यातून नुकत्याच वर आलेल्या संयुक्ता मॅडम दारातच थबकल्या. "कारंट गेला का?"

"नाही मॅडम," भीमसेनराव शिडीवरूनच म्हणाले. "आला."

पण आनंदात राहायला वेळ नव्हता. आढाव्याला पाच दिवस उरले होते आणि साडेतीन महिन्यांचे आकडे बिघडलेले होते. सहा महिन्यांची सरासरी काढली तर भीमसेनराव हरत होते. चार-पाच दिवसांच्या आकड्यांनी ते भरून येणार नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "मीटिंगमध्यें तुम्ही कांही बोलायचें नाही. सेन्सर साफ करायचे राहिले, एवढेंच मी सांगेन. देखभाल माझी, चूक माझी."

"आणि तुमची नोकरी?"

"ती तशीही जायची आहे. तुमचीही कशाला?"

सत्तावीस तारखेला मुख्य कार्यालयातून देवेश नावाचे इंजिनियर आले. तिशीचे, कमी बोलणारे. संयुक्ता मॅडम, एजन्सीचा एक माणूस, भीमसेनराव, आणि आमच्या मजल्यावरच्या आम्ही काही जणी. देवेशनी सहा महिन्यांची सरासरी वाचली आणि विचारलं, "ऑक्टोबरपासून काय झालं?"

भीमसेनराव उभे राहिले. "सेन्सर साफ करायचे राहिले, सार. माझी चूक आहे."

एजन्सीवाला मान हलवून हसला. तो हसला नसता तर कदाचित मी बसून राहिले असते, देव जाणे. मी उठले. माझी तमिळ बाजारापुरती. त्या मोडक्या तमिळमध्ये मी सगळं सांगितलं, चंदन, शिडी, मधोमध, कनकानं शिडी धरली ते, आणि बावीस तारखेला सकाळी देवीच्या डोळ्यावरचं गंध काढताना कसं लक्षात आलं तेही. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. संयुक्ता मॅडमनी ओठ दाबून धरले होते. माझे कान तापले होते, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

देवेश हसले नाहीत. त्यांनी भीमसेनरावांची वही मागितली.

"पुसले कोणत्या दिवशी?"

"बावीस."

"त्याच्या आधीचा आठवडा वाचा. हवामानासकट."

भीमसेनराव वाचायला लागले. "ऊन, अठरा. ऊन, अठरा. ऊन, सतरा आणि नऊ दशांश."

"आणि नंतरचे?"

"ऊन, दहा. ऊन, नऊ आणि आठ दशांश. ऊन, दहा."

"एसीचं मीटर?"

"तेंही रोज अडीच युनिटें उतरलें आहे, सार. दिव्यांची उष्णता गेली ना."

देवेशनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मी खूप इमारती बघतो. सेन्सर विकणारे सगळेच सांगतात, इतकी वीज वाचेल. पण खरंच सेन्सरमुळे वाचली का, ते कधी कळत नाही. मधल्या काळात दिवे बदललेले असतात, माणसं वाढलेली असतात, नाहीतर ऋतू बदललेला असतो. इथे तोच मजला, तेच दिवे, तीच माणसं, तेच ऊन. फक्त डोळे मिटलेले आणि उघडलेले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अशी चाचणी मला मुद्दाम करता आली नसती. कुणी परवानगीच दिली नसती."

एजन्सीवाला म्हणाला, "पण सहा महिन्यांची सरासरी तर..."

"सरासरीत साडेतीन महिने चंदन आहे," संयुक्ता मॅडम म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना हसू आवरलं नाही. सगळेच हसले. मीही हसले.

देवेशनी एक गोष्ट मात्र सुनावली. देखभालीच्या यादीत सेन्सर पुसणं लिहिलेलंच नव्हतं. नुसती धूळ बसली असती तरी हळूहळू हेच झालं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दर दोन महिन्यांनी कोरड्या फडक्यानं पुसायचे, असं त्यांनी यादीत घालून घेतलं. भीमसेनरावांनी मान खाली घालून ते ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं.

कंत्राट दोन वर्षांनी वाढलं. पहिला आणि तिसरा मजला एप्रिलपासून करायचा ठरला. तसं पत्र दोन दिवसांनी आलं. मी भीमसेनरावांना विचारलं, "तुळजावहिनींना फोन केलात का?" म्हणाले, "केला. पहिल्यांदा तिनें विचारलें, ती गंधवाली बाई कोण? तिला घरीं जेवायला आणा."

मी गेलेही जेवायला, तांबरमला. मी त्यांचं नुकसान करत आणलं होतं आणि ती माणसं मला आग्रह करकरून वाढत होती. घरी आल्यावर देवापुढे बसले तेव्हा मागायला काही सुचलं नाही. नुसता नमस्कार करून उठले.

मीटिंग संपली त्या दुपारी मात्र भीमसेनरावांनी ना चहा घेतला, ना कुणाशी बोलत बसले. पहिल्या मजल्यावर ज्यांनी त्यांना सूर्य पाठवू का म्हणून चिडवलं होतं, त्यांच्याच टेबलांमध्ये ते टेप घेऊन वाकले होते.

"राव सार, आता आमची टेबलं पण फिरवणार का?" कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"फिरवणार," ते म्हणाले. "उठा जरा. खिडकीपासून माप घेऊं द्या."